तेवीस नंबरचा वाटा

तुम्ही चोर आहात, साहेब. दिवसाउजेडी, समोर बसवून, चहा पाजून तुम्ही एका पोरीची खुर्ची काढून घेतलीत आणि कपाळावर आठीसुद्धा पडू दिली नाहीत. मेढ्याच्या शाखेतल्या बावीस मशिनी तिनं तीन वर्षं धुळीपासून, विजेच्या धक्क्यापासून आणि वायरी कुरतडणाऱ्या माकडांपासून सांभाळल्या. एका सोमवारी सकाळी ती कामावर आली तर तिच्या खुर्चीत दुसराच बसलेला. ती माझी मुलगी. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही नोकरी नेलीत म्हणता? तुम्ही माझ्या घरातला आवाज नेलात.

हे पत्र सयाजी रांजणे सहा वर्षं मनातल्या मनात लिहीत होता. दाढी करताना पहिलं वाक्य, चहा होईपर्यंत दुसरं. सांगलीच्या खोलीला कुलूप घालताना तो नेहमी 'घरातला आवाज' या शब्दांपाशी यायचा आणि तिथंच पत्र अडायचं. कारण पुढं नाव, हुद्दा आणि सही करायची होती. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातून ज्याचा पगार निघतो तो माणूस अशा पत्राखाली सही करत नाही, आणि सयाजीचा पगार तिथूनच निघायचा. दोन जिल्ह्यांत मिळून संगणक शिकवणाऱ्या त्या संस्थेच्या अकरा शाखा होत्या. त्या अकरा ठिकाणच्या वायरी, खोके, पत्ते असं सगळं जाळं सांभाळणारा तो एकटा कंत्राटी माणूस. वय चौपन्न. सतरा वर्षं पलटणीत सिग्नलमध्ये काढली, डोंगरात केबलची रिळं पाठीवर वाहिली. पुढचं सगळं स्वतःच शिकला, चुका करत, खोकी उघडून, रात्रपाळीचे चौकीदार झोपलेले असताना.

ऑफिस हळदीच्या गोदामावर होतं. खाली पोती हलली की वर हवा पिवळी व्हायची, आणि वायरी जोडायच्या खोक्याच्या, स्विचच्या पंख्यात ती पूड जाऊन बसायची. दर सोमवारी सयाजी दाढीच्या जुन्या ब्रशनं पंखे झाडायचा, मग बसून प्रत्येक शाखेला हाक मारायचा. पिंग म्हणजे दुसरं काही नाही, हाकच. इथल्या मशीननं तिथल्या मशीनला विचारायचं, हायस का? तिथनं उत्तर यायचं, हाय. बस्स. कशी आहेस नाही, कुठं होतीस नाही. चारदा विचारायचं, चारदा ऐकायचं आणि पुढच्या नंबराला जायचं. मेढ्याच्या शाखेचे पत्ते दहा-चार-सात या आकड्यांनी सुरू व्हायचे. शेवटचा आकडा मशीनचा, एक ते बावीस. तेवीस नंबर कुठल्याच यादीत नव्हता, तरी तो तेविसालाही हाक मारायचा. सहा वर्षांत तिथून एकदाही उत्तर आलं नव्हतं. वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली, वेळ संपली, अशा चार ओळी पडायच्या. त्या चार ओळींची त्याला सवय झाली होती. एखाद्याला दुखऱ्या दातावर जीभ फिरवायची सवय असते, तशी.

त्या सोमवारी तेविसानं उत्तर दिलं. चारही वेळा.

त्यानं ब्रश खाली ठेवला. परत हाक मारली. हाय. परत. हाय. चौदा मिलिसेकंद, पंधरा, चौदा, चौदा. एवढ्या वेळात माणसाच्या डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. तेवीस म्हणजे त्याच्या लेकीचा, क्रांतीचा लॅपटॉप. मागच्या बाजूची बिजागरी तुटलेला, काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला. मेढ्याचं त्यांचं घर शाखेच्या कुंपणाला लागूनच होतं. ओट्यावर बसलं की शाखेचं वाय-फाय पकडायचं, आणि कॉलेजात असल्यापासून ती तिथंच बसायची, गुडघ्यावर मशीन आणि शेजारी शेंगांची परडी घेऊन. म्हणजे ती आली होती. बंगळुरूहून. ओट्यावर बसली होती, आत्ता, या मिनिटाला.

तेवीस नंबर तिच्यासाठी राखून ठेवायची कल्पना त्याला कुठल्या पुस्तकानं दिली नव्हती. त्यांच्या भावकीत जत्रेला बोकड पडलं की वाटे घालतात. जो भाऊ पलटणीत आहे, या वर्षी येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचाही वाटा पानावर पडतो. वाढपी विचारत नाही, तो येणार का. सयाजीचा स्वतःचा वाटा असा सतरा वर्षं पडत आला होता. थंडीत कुठल्या तरी चौकीवर बसून त्याला ते आठवायचं, आणि आपण अजून गावात आहोत असं वाटायचं. क्रांती गेली त्या आठवड्यात त्यानं साताऱ्याच्या यंत्रात एक ओळ लिहिली. तिच्या लॅपटॉपच्या कार्डावर कारखान्यातच कोरलेला जो जन्मक्रमांक आहे, तो जेव्हा दिसेल तेव्हा त्याला तेवीस द्यायचा. दुसऱ्या कुणालाही तेवीस द्यायचा नाही. मेढ्यासाठी ओळ लिहिली, मग उरलेल्या दहा शाखांसाठीही लिहिली. न जाणो, कुठं उतरेल पोरगी. गेल्या महिन्यात साताऱ्याहून फर्मान आलं, वापरात नसलेले पत्ते कळवा, मोकळे करायचेत. त्यानं तेविसापुढं लिहिलं, 'वापरात आहे'. हात अडखळला नाही.

नऊ वाजता त्याचा तास असायचा. संगणकाच्या जाळ्याची तोंडओळख, बारा पोरं-पोरी, तीन महिने. आज पत्त्याचा धडा. त्यानं फळ्यावर दोन घरं काढली, मधे रेघ ओढली, आणि नेहमीचं सांगितलं. प्रत्येक मशीनला दोन नंबर असतात. एक जन्माचा, तो मरेपर्यंत बदलत नाही. दुसरा राहण्याचा. आज सांगलीत आहे तर सांगलीचा, उद्या मलकापुरात गेलं तर मलकापूरचा. पहिल्या बाकावरची सुमैरा वहीतून मान वर न काढता म्हणाली, "सर, म्हंजे राहायच्या नंबरावर हाक मारली आन् उत्तर आलं, तर आत नक्की कोण बसलंय ते कळत न्हाई."

"न्हाई कळत," सयाजी म्हणाला.

"मग काय उपेग?"

पोरं हसली. सयाजी फळ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि आधीच काढलेली रेघ परत गिरवली. त्याला कळत होतं. आत कोण आहे हे पाहायला जन्मक्रमांक तपासायला हवा होता. साताऱ्याच्या यंत्रात शिरायची त्याची परवानगी जूनमध्येच काढून घेतली होती. पण मेढ्याच्या शाखेत एक फोन केला असता तर दोन मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. तिथं घरी बायकोला, शालनला, फोन केला असता तरी कळलं असतं. सहा वर्षं बाप-लेकीमधला सगळा व्यवहार शालनवरूनच जायचा. तिला सांग, थंडी वाढलीय. त्यांना सांगा, मला म्हाईत हाय. जाळ्यात जे काम गेटवेचं असतं, इकडचं तिकडं करायचं आणि आपलं काही त्यात मिसळायचं नाही, ते ती करायची. फक्त ती मिसळायची थोडं. कधी निरोपात मीठ घालायची, कधी काटा काढून टाकायची. आज त्याला मधे कुणी नको होतं. आणि शालन 'न्हाई' म्हणाली असती तर, हा विचार त्यानं केला नाही म्हटलं तर खोटं ठरेल. केला, आणि फोन खिशात घातला.

"मामा, रजा टाकलीसा व्हय?" केबलचं काम बघणारा यासीन जिन्यात भेटला. खांद्यावर वायरीचं वेटोळं, तोंडात सुपारी.

"मेढ्याला लिंक बगाय लागतीय."

"लिंक तर हिरवी हाय की सकाळधरनं."

"हिरवी हाय म्हणूनच."

जाताना यासीननं सयाजीच्या सदऱ्याच्या कॉलरवरची हळद झटकली. "नवरदेवावानी पिवळं हून कुटं निगालाय," एवढं म्हणाला.

सांगली ते मेढा कुणी सरळ पोचत नाही. सांगलीच्या गाडीला फक्त कराड माहीत असतं, कराडच्या गाडीला सातारा, साताऱ्याच्या गाडीला मेढा. जाळ्यात माहितीचं पाकीट असंच जातं. प्रत्येक थांब्याला पुढचा एकच थांबा ठाऊक. अख्खी वाट कुणालाच ठाऊक नाही, तरी पाकीट पोचतं, आणि नाही पोचलं तर कुठं हरवलं हे कुणी कळवतही नाही. हे त्यानं क्रांतीला दहाव्या वर्षी याच रस्त्यावर, एसटीच्या मागच्या बाकावर शिकवलं होतं. तिनं विचारलं होतं, "मग पाकिटाला भ्या वाटत न्हाई का, आबा?" तिला रंगांचा क्रम त्याआधीच पाठ होता. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. इतर पोरी ज्या चालीवर पाढे म्हणत, त्या चालीवर ती हे म्हणायची. आठ तारा बोटांनी सरळ करून, एका रेषेत कापून, कनेक्टरमध्ये सारून पकडीनं दाबायच्या. तो 'कट्' आवाज आला की ती डोळे मिटायची. तिची वायर कधी वाया जात नसे. तिच्या बोटांना ते काम त्याच्याहून चांगलं जमायचं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. अभिमानच होता ना? खिडकीची काच थडथडत होती. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडली होती.

मलकापूर मागं पडलं. या पट्ट्यात त्याला नेहमी झोप यायची. आज नाही आली, आणि जे सहा वर्षं झोपेनं झाकलं होतं ते वर आलं. परीक्षा झाली होती. मेढ्याची जागा कायम करायची म्हणून प्रात्यक्षिक. दोन उमेदवार, क्रांती आणि वाईकडचा साईराज. वायर करून दाखवायची, वीस गुण. सगळ्या संस्थेत वायर कळणारा माणूस एकच, म्हणून परीक्षक सयाजी. क्रांतीची वायर पहिल्या झटक्यात चालली. साईराजच्या दोन तारा उलट बसल्या होत्या, तपासणीचा दिवा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी साताऱ्याला बोलावलं. खरंच चहा पाजला. म्हणाले, "रांजणे, परीक्षक तुम्ही आणि उमेदवार तुमची लेक, लोक काय म्हणतील? शिवाय मुलगी आज आहे, उद्या सासरी. तुम्ही जाणते आहात." बस, एवढंच. कागद पुढं सरकवला नाही, धमकी दिली नाही. सयाजीनं बाहेर बाकावर बसून स्वतःच कागद काढला. क्रांतीला सोळा, साईराजला सतरा. आपण किती निःपक्षपाती आहोत, फौजी माणूस आहोत, पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही, असं त्या बाकावर त्याला वाटलं होतं. चक्क छाती भरून आली होती. हे मात्र त्यानं त्या पत्रात कधी लिहिलं नाही.

खुर्ची गेली त्या सोमवारी ती शाखेच्या दारातून परत आली. ओरडली नाही. ओट्यावर उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "आबा, कुणी केलं?" तो म्हणाला, "वरनं आलं." ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. तेव्हा त्याला कळलं नव्हतं. पुढं शालनकडून कळलं, तेही काही महिन्यांनी, भाजी निवडताना. शाखेतल्या कुणीतरी तिला त्याच सकाळी गुणपत्रक दाखवलं होतं. सतरातल्या सात आकड्याला मधोमध आडवी दांडी होती. वायरलेसच्या कागदावर एक आणि सात यांची गफलत होऊ नये म्हणून पलटणीत तशी दांडी मारायला शिकवतात. तिनं विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. उत्तर माहीत असून तिनं त्याला हाक मारली होती, फक्त तो आहे का ते बघायला. आणि तो नव्हता.

साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागलेलीच होती. त्यानं मोबाइलवरून पुन्हा तेविसाला हाक मारली. हाय. कण्हेरच्या पुढं रस्ता चढाला लागला, रेंज गेली, आणि त्या वीस मिनिटांत त्यानं तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य सात वेळा बदललं. जेवलीस का. कवा आलीस. बारीक झालीस. बिजागरी नीट करून देऊ का. सातही वाक्यं धडधडीत खोटी होती आणि सातही वाक्यांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं.

ओट्यावर चपलांचा एकच जोड होता. शालनचा. परडीत कडधान्य वाळत होतं.

"आवं, आज कसं काय?" शालन पदराला हात पुसत बाहेर आली. "बरं हाय न्हवं?"

"कुटं गेली?"

"कोन?"

शालननं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या पिवळ्या कॉलरीकडं, हातातल्या फोनकडं. हळू आवाजात म्हणाली, "ती कशाला यील सोमवारची? काल तर बोलली. तिकडंच हाय." मग थांबून, "पानी देऊ?"

तो पाणी न घेता कुंपणाच्या फटीतून शाखेत गेला. प्रयोगशाळेत साईराज एकटाच होता. सहा वर्षांत तो जाड झाला होता आणि चष्मा लागला होता. सयाजीला बघून तो खुर्चीवरून उठला. दर वेळी उठायचा.

"तेवीस नंबरवर काय लावलंय?"

साईराजनं दाराच्या वर बोट दाखवलं. तिथं पांढरा, मुठीएवढा नवा कॅमेरा होता. पोटात तांबडा ठिपका. "शनवारी साताऱ्यासनं मानसं येऊन बसवून गेली, काका. पत्ता आपोआप पडला."

"त्यो राखीव हुता."

"वरनं काढला."

सयाजी कॅमेऱ्याखाली उभा राहिला. सकाळपासून हाय, हाय म्हणत होता तो हा. साताऱ्यात कुणाच्या तरी पडद्यावर आता एक पिवळ्या कॉलरीचा म्हातारा तोंड वर करून उभा दिसत असेल. ज्याला ते पत्र ऐकवायचं त्याचा डोळाच समोर होता. कागद नको, सही नको, टपाल नको. त्यानं तोंड उघडलं. 'तुम्ही चोर आहात' पर्यंत आलं ते, जिभेपर्यंत, आणि तिथून पुढं सरकेना. त्या डोळ्यात त्याला साहेब दिसतच नव्हते. दिसत होता तो बाकावर बसून सात आकड्याला दांडी मारणारा, छाती भरून आलेला माणूस.

"काका," साईराज मागून म्हणाला, "एक बोलू? माझी वायर त्या दिशी चालली नव्हती. मला तवाच कळलं हुतं. मी बी गप बसलो." त्यानं भिंतीकडच्या वायरींच्या जुडग्याला हात लावला. प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी होती, बारीक, गोल अक्षरात नंबर लिहिलेली. "ह्या पट्ट्या तिच्याच हायती. मी बदलल्या न्हाईत. फाटली तर चिकटवतो."

सयाजीनं एक पट्टी बोटानं चाचपली. नऊ. तिचा नऊ नेहमी थोडा मागं कलायचा, कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसा. त्याला वाटलं, सहा वर्षं आपण एका रिकाम्या नंबराला हाक मारत बसलो, आणि तिचा खरा नंबर, रोज शालनच्या फोनवर वाजणारा, आपल्याला तोंडपाठ आहे. तिथं हाक मारली असती तर ती 'न्हाई' म्हणाली असती. मशीन 'न्हाई' म्हणत नाही. ते आहे म्हणतं, नाहीतर गप्प बसतं. त्या गप्पपणाच्या आडोशाला आपण किती सुखानं बसलो होतो.

तो बाहेर आला, जांभळीखाली उभा राहिला आणि दहा आकडे दाबले. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. पलीकडं कळफलकांची टकटक होती, कुणीतरी कानडीत हसत होतं. मग दार लागल्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत झालं. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"क्रांते, मी आबा." बसमध्ये जमवलेल्या सात वाक्यांतलं एकही आलं नाही. "सतरा मी लिवलं. वरनं न्हवतं आलं. कुनी जबरी केली न्हाई. तुझी वायर चालली हुती आन् मी तुला सोळा दिलं. माझ्या हातानं. आन् तुला लेकीवानी न्हाई, परक्यावानी फसवलं."

श्वास होता. अजून होता.

"मी माफी बिफी मागत न्हाई. ती तुजी तू ठरीव. शुक्कीरवारी सांजच्या गाडीनं मी निगतो, शनवारी सकाळी तिकडं उतरतो. जेवायला घालू नगंस, घरात घिऊ नगंस, जिन्यात हुबं करून काय बोलायचं ते बोल. पर आईकडं निरोप ठिवू नगंस. आता तुज्या तोंडानं सांग मला. येऊ का नगं?"

पानांतून ऊन हललं. शालन ओट्यावर येऊन उभी राहिली होती, कुंपणापलीकडं, पदर तोंडाशी धरून.

"ऐकतीयास न्हवं? मग सांग. येऊ का नगं?"